फ्रीजवरची कोंबडी

सोमवार, ६ मे

सकाळी दोन रोट्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी, चहा बिनसाखरेचा. दुपारी भात एक वाटी, डाळ.

झालं लिहून. दवाखान्यातली सिस्टर लितिया म्हणाली, "आजी, रोज काय खाल्लं ते या वहीत लिहायचं. खोटं लिहायचं नाही, साखर कुणाला फसत नाही." बरं. चहात साखर होती. अर्धा चमचा. चमचा मोठा आहे.

दोन ओळींत दिवस संपतो आणि पान एवढं थोरलं. कोरं सोडवत नाही. पाचवीपर्यंत शिकले, ती फुकट गेली असं कुणी म्हणायला नको.

तर – विहीण आली! सूनबाई प्रनीताची आई. पलीकडच्या बेटावरच्या लबासाहून बोटीनं. लेक बिनेश सुव्याच्या धक्क्यावर आणायला गेला होता. सामान काय, तर एक पत्र्याची ट्रंक, एक तांदळाचं पोतं, आणि गोणपाटात गुंडाळलेला पाटा! वरवंट्यासकट! समुद्र ओलांडून बाईनं दगड आणला.

"आमच्याकडे पाटा नाही की काय?" मी दारातच विचारलं.

"आहे ना, विहीणबाई. पण माझ्या हाताला हा बसलाय," म्हणाली आणि हसली. तिला दात सगळे आहेत.

दोन महिने राहणार. सूनबाई म्हणते, "माई, तुम्हाला तेवढाच आराम." आराम! मी काय दूधखुळी आहे?

प्रनीताला ब्रिस्बेनला म्हाताऱ्यांच्या घरात नर्सची नोकरी लागलीय. ऑगस्टमध्ये जाणार. बिनेश जाणार, तिथेही बसच चालवेल. धाकटी किट्टू जाणार. थोरल्या शायलची बोर्डाची परीक्षा, ती इथेच नौसोरीत राहणार. दोघं कामावर, मग किट्टूला बघायला, रांधायला एक म्हातारी तिकडे हवी. आणि शायलजवळ एक म्हातारी इकडे हवी. कोण कुठे, विचारलं की "बघू". आणि बघायला हिला बोलावून घेतलं!

मला जायचंय. एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. एकुलता एक लेक आहे. किट्टूला दोन महिन्यांची असल्यापासून मी वाढवलंय. ती जाईल आणि मी इथे शायलचे डबे भरत बसू? त्यासाठी ही आहे की.

मंगळवार, ७ मे

शेजारी शिवनाथकडे सकाळीच सतरंज्या झटकायला लागले. म्हणजे मंगळवार. संध्याकाळी त्याच्याकडे रामायण मंडळी बसते, सकाळपासून तयारी, ढोलकी ठोकून बघणं. आमच्या गल्लीला कॅलेंडर लागत नाही.

मंगळवारी आमच्याकडे अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. बिनेशची बस रेवा नदीच्या पुलावरून खाली जाता जाता राहिली, तेव्हापासून. अंगणातला लाल झेंडा त्या नवसाचाच. विहिणीला स्पष्ट सांगितलं.

"आमचा शुक्रवार," ती म्हणाली. "देवीचा, मारी माईचा."

घ्या! माझा सोमवार, लेकाचा मंगळवार, हिचा शुक्रवार. कोंबड्यांना सुखाचे दिवस आले.

खाल्लं: कढी, भात, वांग्याचा चोखा. सगळं मी केलेलं.

शुक्रवार, १० मे

फ्रीजवर तक्ता लागला.

शायलनं मोठ्या कागदावर सात चौकटी आखल्या. प्रत्येकीवर वार लिहिला आणि खाली चिकटणाऱ्या लोहचुंबकाखाली एकेक चित्र. मासा. अंडं. डाळीची वाटी. अळूचं पान. कोंबडी. एक लाल बूचही आहे, विहीण रोज सकाळी ते पुढच्या चौकटीत सरकवते. बूच जिथे, तिथलं चित्र शिजवायचं. आदल्या संध्याकाळी उद्याचं बघून भिजवायचं ते भिजवायचं, बर्फातलं काढायचं ते काढायचं. रविवारी आठवड्याचा मसाला एकदाच वाटायचा. नारळाचं दूध काढून बाटल्यांत. रोट्या अर्ध्या कच्च्या भाजून बर्फाच्या कप्प्यात टाकायच्या.

"एक दिवस राबायचं, सहा दिवस नुसतं गरम करायचं," विहीण म्हणाली.

"म्हणजे सहा दिवस शिळं," मी म्हटलं.

प्रनीतानं माझ्याकडे बघितलं नाही. तक्त्याकडे बघत होती, देवाकडे बघावं तशी.

चाळीस वर्षं चार वाजता उठतेय मी. अंगणातली चूल पेटवायची, चौदा रोट्या, चार पार्सलं. रोटीत बटाट्याची नाहीतर टिनच्या मासळीची भाजी गुंडाळून कागदात बांधायची. तक्ता कसला लागतो? माझा तक्ता इथे आहे, टाळक्यात.

मग मी मुद्दाम विचारलं, "विहीणबाई, चित्रं कशाला? नावंच लिहायची की."

तर म्हणाली, "मला अक्षर येत नाही हो."

काय बरं वाटलं! खोटं कशाला लिहू. एक अक्षर नाही! मी तिथेच उभी राहून तांदळाच्या पोत्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. वजनसुद्धा.

रविवार, १२ मे

मातृदिन. किट्टूनं शाळेत दोन कार्डं केली.

नानीच्या कार्डावर फ्रीज काढलाय, तक्ता काढलाय, वर सूर्य काढलाय. लिहिलंय: माझी नानी, जगातली सगळ्यात भारी.

माझ्या कार्डावर पलंग. त्यावर मी. लिहिलंय: आजी, लवकर बरी हो.

मला झालंय काय? साखर तर आहे फक्त!

खाल्लं: खीर. दोन वाट्या. सिस्टरनं वाचलं तर वाचू दे.

गुरुवार, १६ मे

पहाटे उठून चुलीशी गेले तर विहीण आधीच तिथे. नुसती बसलेली. हात शेकत.

"तुम्हाला गॅस आहे ना आत? तक्ता आहे," मी म्हटलं.

"चुलीजवळ बरं वाटतं. लबासाला सून गॅसवर करते. मला बाहेर एक स्टूल दिलंय, त्यावर बसून शेंगा सोलायच्या. सतरा वर्षं झाली."

म्हणून काय माझ्या चुलीपाशी बसायचं?

बुधवार, २२ मे

आज दोन पार्सलं केली शायलसाठी. एक तिच्या नानीनं, एक मी. संध्याकाळी विचारलं, "कुठलं खाल्लंस?"

"दोन्ही."

"खरं सांग."

"आजी, नानीचं मुलींनी पळवलं. वर्गातली मेरेसी म्हणते, तुझ्या नानीची रोटी मऊ कशी काय राहते दुपारपर्यंत? तुझं मी खाल्लं."

म्हणजे माझं कुणी पळवलं नाही. बरी समजूत घातली पोरीनं! डॉक्टर होणार म्हणते. होईल. वाईट बातमी गोड करून सांगता येते तिला.

मऊ का राहते ते मी बघितलंय. कणकेत उकडलेला कसाव्याचा कंद कुस्करून घालते. हुशार आहे मेली.

गुरुवार, २३ मे

कसावा घालून बघितला. चिकट झाला. कुत्र्याला घातला. त्यानंही हुंगून ठेवला.

सोमवार, ३ जून

पुलावर आज गाड्यांची एवढी गर्दी की दोघंही सातला घरी आली. पूर्वी असं झालं की मी कांदा चिरायला बसायचे, ताजं ते ताजं. नऊ वाजता पानं. किट्टू तोपर्यंत पेंगायची.

आज सव्वासातला सगळे जेवले. दुरुका, म्हणजे उसासारखे कोवळे कोंब, नारळाच्या दुधात, भात. किट्टूनं दोनदा मागितलं. मग तिला जागं ठेवून प्रनीतानं गणित घेतलं. मग प्रनीता हसली. मी त्या पोरीला संध्याकाळी हसताना बघितलं त्याला किती वर्षं झाली, मला आठवेना.

बिनेश हात धुताना म्हणाला, "माई, सात वाजता जेवण! लहानपणी तरी जेवलो होतो का गं असा?"

सहज म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. ज्याच्या मनात काही नसतं त्याचंच लागतं.

नाही जेवला होतास. तुझा बाप नऊला यायचा, ताजं मागायचा. तू भुकेला झोपायचास.

खाल्लं: भूक नव्हती. नंतर बिस्किटं. सहा.

शनिवार, १५ जून

मी अंगणात नारळ खवत बसले होते. खिडकी उघडी. आत दोघं बोलत होती, त्यांना वाटलं मी शिवनाथकडे गेलेय.

प्रनीता – "आईलाच नेऊ या. तिचा तो तक्ता आहे ना, आपल्या दोघांच्या ड्युट्या बघता तिथे तेच चालेल. मी घरी आल्यावर कांदे चिरले जाण्याची वाट बघू शकत नाही रे."

बिनेश – "आणि माईला काय सांगू?"

प्रनीता – "माईंना इथली सवय आहे. दवाखाना जवळ. चूल आहे, झाडं आहेत. तिथे जाऊन काय करतील?"

बिनेश – "बघू."

लेकाचा "बघू" मला कळतो. लग्न ठरवतानाही तो "बघू"च म्हणाला होता आणि आठ दिवसांत नारळ फुटला.

नारळ खवता खवता बोट खवलं. दूध गुलाबी झालं. ओतून दिलं.

सोमवार, १७ जून

हे लिहावं की नाही. सिस्टर फक्त जेवणाचं वाचते, बाकीचं वाचायला तिला वेळ नाही. लिहिते.

दुपारी घरात कुणी नव्हतं. विहीण न्हाणीघरात, पाण्याचा आवाज येत होता. तक्त्यावर मंगळवारी अळूचं पान होतं, बुधवारी कोंबडी. मी कोंबडी उचलली आणि मंगळवारी लावली. पान बुधवारी. एवढंच. दोन चुंबकं. काडी मोडायला लागतो तेवढा वेळ.

तिला अक्षर येत नाही. ती चित्र बघणार.

संध्याकाळी ती फ्रीजसमोर उभी राहिली. बराच वेळ राहिली. मग वरचं दार उघडून कोंबडीची पिशवी काढली आणि ताटलीत ठेवली वितळायला. मी समोर तांदूळ निवडत होते. तेव्हा बोलता आलं असतं.

खडे वेचत राहिले.

मंगळवार, १८ जून

मी सकाळीच दवाखान्याचं निमित्त काढून निघाले. बाजारात फिरले. पाचला परत आले तर फाटकापासूनच वास. काय वास होता! भाजलेला मसाला, कढीपत्ता, कोंबडी. करते छान, ते मी कधीच नाही म्हटलं नाही.

बिनेश आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून, शिवनाथकडे मंडळीला जायला निघालेला. जाता जाता झाकण उचललं.

झाकण हातातच राहिलं.

"हे काय? आज मंगळवार आहे!"

शेजारी ढोलकी सुरू झालेली. प्रनीता धावत आली. "आई! अगं काय केलंस हे?"

मला वाटलं आता विहीण तक्त्याकडे बोट दाखवणार. म्हणणार, बघा, चित्र बघा. आणि मग शायल म्हणणार, मी तर बुधवारी लावली होती. मी खुर्ची धरली.

तिनं तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदराला हात पुसले. "चुकलं, जावईबाबू. म्हातारपण आहे. वार लक्षात राहिला नाही."

बिनेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. परत आंघोळीला गेला. जेवला नाही. मंडळीलाही गेला नाही, त्या घरातून कसा जाऊ म्हणाला. पातेलं तसंच्या तसं रस्त्यापलीकडे तेविताच्या घरी दिलं. त्यांची अकरा माणसं, पातेलं धुऊन परत आलं, वर अननस. किट्टू तंगडीसाठी रडत झोपली.

प्रनीतानं तक्ता काढला. घडी केली आणि कपाटावर टाकला.

खाल्लं: चहा.

बुधवार, १९ जून

चारला उठले. चूल पेटवली. चौदा रोट्या. चुलीशी कुणी बसलेलं नव्हतं.

"माई, तुम्ही आहात म्हणून बरं," सूनबाई डबा घेताना म्हणाली. डोळे सुजलेले.

ऐकायला हवं होतं तेच ऐकलं. पाहिजे तेवढं गोड लागलं नाही. पण लागलं.

रविवार, २३ जून

विहीण गळाठली. आज डाळीत मीठ दोनदा. मी यात नाही! मी मिठाच्या बरणीला हातही लावलेला नाही.

शुक्रवार, २८ जून

भात करपवला. स्वतःच्या शुक्रवारी! किट्टूला शाळेतून आणायला गेली ती चुकून बाजाराकडे वळली, शायल शोधायला गेली. प्रनीता रडकुंडीला. "आईला झालंय काय? परक्या देशात पोर कशी सोपवू हिच्याकडे?"

मी म्हटलं, "वय होतं गं. सगळ्यांचंच होतं." ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे.

एका मंगळवारानं बाई एवढी खचते? मला वाटलं नव्हतं. चांगली दणकट दिसायची.

खाल्लं: भात करपलेला, वरचा वरचा. अळू. गोड काही नाही. खरंच नाही.

गुरुवार, ४ जुलै

ठरलं. मी जाणार!

बिनेश चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. लहान असताना बसायचा तसा. "माई, कागद तुझे करतोय. येशील ना?"

"बघू," मी म्हटलं.

हसला गाढव.

विहिणीला आत सांगितलं प्रनीतानं. मी कान लावून होते. रडेल, रुसेल, बोटीचं तिकीट मागेल. तर म्हणाली, "बरं झालं. किट्टूला आजीचीच सवय आहे. मी शायलजवळ राहते." एवढंच. आणि लगेच वरवंट्याचा आवाज. चटणी वाटत होती. चांगली झाली होती चटणी. मीठ बरोब्बर.

शनिवार, २० जुलै

विहीण फार प्रश्न विचारते. ओलं लाकूड कुठे वाळत घालता? शेवगा कधी छाटता? चुलीला सारवायला माती कुठून आणता? तांबडी कोंबडी कुठे अंडं घालते? पावसाचं पाणी चुलीत येतं का, कुठल्या बाजूनं?

सगळं दाखवलं. हरलेल्या माणसाशी थोडं नीट वागावं. चुलीचा डावा दगड हलतो, तेही सांगितलं. शायलला रोटी कडक आवडते, वरणात लसूण दिसलेला चालत नाही, तेही. परीक्षेच्या दिवसांत ती जेवत नाही, तेव्हा आंब्याचं लोणचं आणि भात, हातानं कालवून.

ऐकताना तिचे डोळे लकाकत होते. मला दया आली. पहिल्यांदाच.

गुरुवार, १५ ऑगस्ट

आज विमान. लोणचं न्यायचं नाही. मसाला न्यायचा नाही. बी-बियाणं नाही, लाकडी पोळपाट नाही. मग मी जाते कशाला, नुसती?

शायलनं फाटकापाशी मिठी मारली आणि सोडेना. "आजी, तुझं पार्सल खरंच मीच खायचे. कुणाला देत नव्हते म्हणून कुणी पळवलं नाही."

हे आता सांगते कार्टी!

विहीण अंगणात उभी. हात राखेनं भरलेले, म्हणून लांबूनच जोडले.

सोमवार, १९ ऑगस्ट

चूल नाही. काळी काच आहे, ती तापते. फोडणी घातली तर छताला लावलेलं धुराचं यंत्र किंकाळ्या मारायला लागलं. शेजारचा माणूस धावत आला, अर्धी चड्डी घालून. आता फोडणी बंद.

शेजारी कोण राहतं ते मला त्यामुळे तरी कळलं.

खाल्लं: पाव. चहा.

सोमवार, २६ ऑगस्ट

प्रनीताची ड्युटी कधी सकाळी, कधी दुपारी. बिनेशची उलटी. कुणी चारला जेवतं, कुणी दहाला. ताजं कुणासाठी करू? कुणाच्या वेळेला? तीन दिवस पाच पाच वेळा रांधलं. पाय सुजले.

आज प्रनीता दारात उभी राहून चाचरत म्हणाली, "माई... आईचा तो तक्ता होता ना..."

म्हटलं, "आण कागद."

मी अक्षरात लिहिला. सातही वार. चित्रं नाहीत. किट्टूनं कोपऱ्यात एक कोंबडी काढलीच.

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज घात होता होता वाचला. सकाळी मी कोंबडी काढून ठेवली वितळायला. किट्टू म्हणाली, "आजी, आज मंगळवार आहे!" फ्रीजवर बघितलं. होता.

मला कळलाच नाही. इथे कळणार कसा? सतरंज्या नाहीत, ढोलकी नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. सगळे वार एकसारखे, पांढरे. कोंबडी परत आत टाकली, देवाला हात जोडले.

मग काच पुसता पुसता मनात आलं. मी इथे चुकले, ठीक आहे. पण ती तिथे कशी चुकली? शिवनाथच्या कुंपणाला लागून आमचं स्वयंपाकघर. खिडकी उघडी.

बुधवार, ४ सप्टेंबर

शायलच्या फोनवर व्हिडिओ लावून विहिणीला सरळच विचारलं. "त्या मंगळवारी शिवनाथकडे सतरंज्या झटकत नव्हते का हो?"

"झटकत होते की. धूळ आपल्या डाळीत येत होती."

"मग?"

हसली. सगळे दात. "मंगळवार कळायला अक्षर कशाला लागतं, विहीणबाई? तुम्ही चित्र हलवलंत तेव्हा मी न्हाणीच्या दारातच उभी होते. म्हटलं, मारी माई पावली. मला नाही यायचं परदेशात, हे लेकीला कसं सांगू याचाच घोर होता."

मागे माझी चूल धडधडत होती. डावा दगड तिनं मातीनं बसवलाय. चुलीशेजारी तिचा पाटा, ओला.

दोन महिन्यांसाठी पाटा कुणी बोटीवर चढवतं का? वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. माझ्याच अक्षरात.

खाल्लं: कालचं. गरम करून.